डबा अखेर गप्प झाला

अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय पल्सपासून सुटा रेडिओ वाचवायला पत्र्याचा डबा बनवतोय. डब्यातून सिग्नल गळतो का ते वॉटरफॉलवर, म्हणजे संगणकावर सिग्नल रेघेसारखा दाखवणाऱ्या आलेखावर, पाहतो. काल रात्री साडेअकराला तिथली रेघ गेली! तीन आठवडे या क्षणाची वाट पाहत होतो.

सेटअप असा: बेकरीचा पत्र्याचा डबा, आत पुठ्ठ्यावर सुटी हँडी (हातातला रेडिओ) आणि १४५ मेगाहर्ट्झचा छोटा बीकन (सतत सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर), बाहेर टेबलावर एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा रिसीव्हर). झाकण लावल्यावर सिग्नल जेमतेम ८ डीबी (डेसिबल) उतरत होता. काठाचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, वर तांब्याची टेप लावली. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या रोलच्या गोंदातून वीजच जात नव्हती, आठवडा वाया. वाहक गोंदाची टेप पुण्याच्या टापकीर गल्लीत मिळाली. महाग आहे, पण तीच घ्या. २१ डीबी झाले आणि काटा तिथेच अडकला.

दहा दिवस झाकणच घासत बसलो. परवा सहज चार्जिंगच्या वायरला हात लागला आणि रेघ फिकट झाली. हात काढला, पुन्हा ठळक. रबरी ग्रोमेटमधून आत गेलेली ती दीड मीटर वायर अँटेनाचं काम करत होती. वायर काढून भोकावर टेप मारली, ५० डीबी उतरले आणि रेघ नॉइजमध्ये बुडाली.

लांब तारांमुळे १९६२ मध्ये हेच घडलं होतं. जुलैत प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा १.४ मेगाटनांचा अणुस्फोट झाला आणि सुमारे १४०० किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे विझले. ऑक्टोबरात कझाकस्तानवर सोव्हिएत अणुचाचणीत ५७० किलोमीटरच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले. गॅमा किरण हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि काही नॅनोसेकंदांत पल्स उभी राहते. ती गोळा करून यंत्रापर्यंत आणतात लांब तारा.

वायर परत आत नेताना गॅस ट्यूब (जादा व्होल्टेज वळवणारी नळी) आणि फीडथ्रू कपॅसिटर (पत्र्यातून जाणाऱ्या वायरवरच्या रेडिओ लहरी गाळणारा) लावायचा बेत होता. पण गॅस ट्यूब पेटेपर्यंत पल्सचा पहिला चढ आत गेलेला असतो. आणि हे लिहिता लिहिताच वाटलं, डब्याला कायमची वायर हवीच कशाला? दर तीन महिन्यांनी बॅटरी बाहेर काढून चार्ज करीन. फीडथ्रू शॅकच्या, म्हणजे रेडिओच्या खोलीतल्या, मोठ्या रिगसाठी (रेडिओसंचासाठी) ठेवतो, तिथे अँटेनाची कोअॅक्स केबल टाळता येत नाही.

रविवारी ४३३ मेगाहर्ट्झवर मोजणार. तिथे अर्धी तरंगलांबी ३५ सेंटिमीटर आहे, फट त्या लांबीच्या जवळ गेली की सिग्नल गळतो, आणि झाकणाच्या मागच्या कडेला टेप दोन ठिकाणी उचललेली दिसतेय.