पौषवारी आणि तिसाव्या आठवड्यातलं बाळ

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. खानदेशातून, नगरकडून दिंड्या कित्येक दिवस चालत येतात. आम्हा नाशिककरांच्या वाट्याला त्यातली शेवटची तीसएक किलोमीटरच वाट येते, पण थंडी मात्र सगळ्यांना सारखीच. दशमीला पहाटे पंचवटीतून निघालो तेव्हा गोदेच्या पाण्यावर वाफ होती आणि टाळ हातात धरवत नव्हते. सातपूरला पोचेपर्यंत उजाडलं. पहिल्या पाळीला निघालेले कामगार गाड्या बाजूला घेऊन वीणेकऱ्यांच्या पाया पडत होते.

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. गेल्या श्रावणात माझी सून तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. नातू साडेबाराशे ग्रॅमचा. त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती. तळव्याला प्राणवायू मोजणारा लाल दिवा बांधलेला, नाकाला श्वासाची नळी, तोंडातून पोटात दुधाची नळी. मधेच तो श्वास घ्यायचा थांबे आणि यंत्र कोकलायला लागे. नर्स धावत येऊन तळव्यावर बोटानं टिचकी मारी, की छाती पुन्हा हलायची. ती टिचकी मी जन्मात विसरणार नाही.

बाहेर पॅसेजमध्ये मुलानं मला विचारलं, “आई, तू एवढं तत्त्वज्ञान वाचलंस. आमच्याच वाट्याला हे का, सांग.”

मी त्याला म्हटलं, हे दोन प्रश्न आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. श्वास का थांबतो, याला उत्तर आहे: मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पुरतं तयार नाही, म्हणून तर त्याला कॅफीनचं औषध चालू आहे. फुप्फुसं उघडी ठेवणारा द्राव कमी पडू नये म्हणून प्रसूतीआधी सूनबाईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, त्यालाही कारण आहे. पण ‘आमच्याच वाट्याला का’ याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडेही नाही. आणि जिथे उत्तर नाही तिथे ते बनवायचं नाही. तत्त्वज्ञानाचं मला कळलेलं काम एवढंच. ऐकायला थोडं वाटतं, पण त्या दिवसांत तेवढं सांभाळणंही फार जड गेलं.

कारण उत्तरं बनवणारे घरी येतच होते. ग्रहणात बाहेर पडली होती का? पपई खाल्ली का? कुणाचा तळतळाट घेतला? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे वर्गात मी हसतखेळत शिकवत असे. इथे त्या फांदीखाली माझी सून बसली होती. अंगावर टाके, दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, आणि वर हे ऐकायचं. वेळेआधीच्या बऱ्याच प्रसूतींचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. एका बाईनं तर “पूर्वजन्मीचं काहीतरी असेल” असं तिच्या तोंडावर म्हटलं. मी त्यांना उठून दार दाखवलं.

पिंपळगाव बहुलाच्या पुढे निफाडकडच्या एक आजी माझ्या जोडीला आल्या. डोक्यावर तुळस, चाल माझ्यापेक्षा भरभर. नातवाचं ऐकून म्हणाल्या, “सातव्यातलं जगतं बाई, आठव्यातलं नाही जगत.” मी म्हटलं, “नाही हो आजी, पोटात जितकं जास्त राहील तितकं चांगलं. आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा बळकटच असतं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझं आठव्यातलं होतं. कापसात गुंडाळून ठेवलेलं. गेलं. सासू म्हणायची, आठव्यातलं होतं, जाणारच.” आणि थोड्या वेळानं, “म्हणजे राहिलं असतं?”

याला काय बोलणार? मी त्यांचा हात धरला आणि महिरावणीपर्यंत तसाच धरून चालले. ज्या समजुतीनं त्यांना इतकी वर्षं आधार दिला ती मीच काढून घेतली होती, तरी खोटं बोलावं असं मला अजूनही वाटत नाही. त्यांनीच पुढे विचारलं, आता पोरं जगवतात कशी. मी उघड्या छातीवर बाळ धरायची पद्धत सांगितली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978च्या सुमारास डॉक्टर एडगर रे यांनी ती सुरू केली, तिथे काचेच्या पेट्याच पुरेशा नव्हत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. माझा मुलगा तासन्‌तास शर्ट काढून बाळ छातीशी धरून बसायचा. आजी पहिल्यांदा हसल्या. “बाप्यानं?”

अंजनेरीजवळ मुक्काम होता. रात्री कीर्तनात महाराजांनी प्रारब्धावर भर दिला: लेकराचं दुखणं आईबापाच्या कर्मातून येतं. ज्या निवृत्तिनाथांच्या दारी आम्ही निघालो होतो, त्यांच्याही बाबतीत लोकांनी हेच तर म्हटलं होतं. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची पोरं म्हणून चारही भावंडांना वाळीत टाकलं. परंपरा सांगते, की आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं. त्याच थोरल्यानं ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून घेतलेलं ज्ञान धाकट्याला दिलं, आणि त्या धाकट्यानं पसायदानात कुणाला शिक्षा मागितली नाही.

कीर्तन आटोपल्यावर मी महाराजांना गाठलं. “महाराज, ‘गहना कर्मणो गतिः’ असं गीताच म्हणते. मग ती गती एका तान्ह्याच्या वजनावरून आपल्याला कशी वाचता येते?”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “माउली, काहीतरी कारण सांगितलं की माणसाला धीर येतो.”

“सांगणाऱ्याला येतो,” मी म्हटलं. “ऐकणारी आई रात्रभर आपलंच पाप शोधत बसते.”

त्यांनी उपरणं सारखं केलं आणि विचारलं, “बाळ कसं आहे आता?” मग मी सगळं सांगितलं: दुधाचे पहिले दोन मिली, घरी आणलं तो दिवस, आणि त्याचं वय मोजायचं ते डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळच्या तारखेपासून, म्हणून पाच महिन्यांचा असूनही तो आत्ता कुठे मान धरतोय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पटलं का, ते बोलले नाहीत.

एकादशीला समाधीच्या दर्शनाची रांग पार लांब गेली होती. आजींना पुढे जायची घाई होती, त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. मी कळसाला हात जोडले आणि भगर-आमटी घेऊन एका कट्ट्यावर बसले. सूनबाईचा फोन आला: सोमवारी बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासायचा आहे, आणि त्याला धरायला तिला मी हवी आहे. द्वादशीला पारणं करून मी पहिल्या एसटीनं नाशिकला आले.