मालक नसलेल्या संघाचा हंगाम

२५ सप्टेंबर २००९

काल वेन ग्रेट्स्की यांनी ॲरिझोनातील फिनिक्स कायोटीज या आईस हॉकी संघाचे प्रशिक्षकपद सोडले. आईस हॉकीत त्यांच्याहून मोठा खेळाडू झाला नाही असे या खेळाचे जाणकार सांगतात, तरीही त्यांच्या चार हंगामांत हा संघ एकदाही प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांपर्यंत, पोहोचला नाही. थोर खेळाडू थोर प्रशिक्षक होतोच असे नाही, हे क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला कुणी वेगळे सांगायला नको. मात्र त्यांच्या जाण्यामागे केवळ हार-जीत नाही. संघ मे महिन्यापासून दिवाळखोरीच्या न्यायालयात आहे आणि खरेदीसाठी उरलेल्या दोन्ही इच्छुकांच्या योजनेत आपल्याला जागा नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले आहे. हंगाम सुरू व्हायला दहा दिवसही उरले नसताना डेव्ह टिपेट यांच्या हाती संघ सोपवण्यात आला आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हे प्रकरण चटकन उमगत नाही, म्हणून ते येथे लिहून ठेवतो. संघाचे मालक जेरी मॉइस यांचा मूळ धंदा ट्रक वाहतुकीचा. वर्षानुवर्षे तोटा सोसल्यावर गेल्या ५ मे रोजी त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यासोबतच, ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे जिम बाल्सिली यांचा २१ कोटी २५ लाख डॉलरचा प्रस्ताव न्यायालयापुढे ठेवला. त्यात अट एवढीच होती, की संघ कॅनडातील हॅमिल्टन शहरी हलवायचा. ही स्पर्धा चालवणाऱ्या नॅशनल हॉकी लीगने त्यावर जोरदार हरकत घेतली. संघ कुणी विकत घ्यावा आणि त्याने कोणत्या शहरी खेळावे हे ठरवणे आमच्या अधिकारात येते, दिवाळखोरीच्या दाराने तो अधिकार काढून घेता येणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. माझ्या मते लीगचे म्हणणे कायद्याने बरोबर असले, तरी या संघाला तेरा वर्षांपूर्वी वाळवंटात तिनेच येऊ दिले, हेही विसरून चालणार नाही.

१ ऑक्टोबर २००९

न्यायाधीश रेडफिल्ड बॉम यांनी काल दोन्ही प्रस्ताव फेटाळले. बाल्सिली यांनी रक्कम २४ कोटी २५ लाखांवर नेली होती. त्यांना दार कायमचे बंद झाले. लीगच्या १४ कोटींच्या प्रस्तावात सुधारणेला वाव ठेवला आहे, कारण तो सर्व धनकोंना सारख्या न्यायाने वागवत नाही असे न्यायालयाचे मत पडले. शनिवारी लॉस एंजेलिसमध्ये पहिला सामना आहे. आपला पगार उद्या कोण देणार, हे ठाऊक नसलेले खेळाडू त्यात उतरणार आहेत. आमच्या कार्यालयातही सध्या या प्रश्नाची सर्वांना चांगली ओळख आहे.

११ ऑक्टोबर २००९

काल घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्याला मुलाला घेऊन गेलो. तिकिटांचे दर इतके उतरवले होते की अरीना तुडुंब भरले. प्रेक्षकांना पांढरे कपडे घालून येण्याचे आवाहन केले होते. ही प्रथा संघाने आपल्या मूळ गावाहून, कॅनडातील विनिपेगहून आणली, हे मला तिथूनच आलेल्या एका सहकाऱ्याकडून कळले. १९८७ मध्ये कॅल्गरीचे प्रेक्षक लाल कपड्यांत येत, त्याला उत्तर म्हणून विनिपेगकरांनी पांढरा रंग घेतला. १९९६ मध्ये संघच त्यांच्या हातून गेला. कॅनेडियन डॉलर घसरलेला, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, अरीना जुने, आणि फिनिक्समध्ये मात्र घरे, माणसे आणि पैसा वाढत चाललेला. आता हॅमिल्टनचे नाव निघाले की हा सहकारी नुसता हसतो.

आमच्या चँडलरहून हे अरीना जिथे आहे ते ग्लेंडेल चाळीसेक मैल आहे, म्हणजे फिनिक्सच्या खोऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तेथे पोहोचायचे असेल, तर दुपारचे काम अर्ध्यावर टाकून निघावे लागते. संघ प्रथम शहराच्या मध्यभागी बास्केटबॉलसाठी बांधलेल्या अरीनात खेळत असे. तेथील बऱ्याच खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल दिसतच नसे, त्यामुळे नवी जागा शोधणे भागच होते. तेव्हाचे मालक स्टीव्ह एलमन हे मुळात जमिनींचे विकासक. त्यांनी आधी स्कॉट्सडेलमधील एका जुन्या मॉलची जागा धरली होती, आणि हॉकीची तिकिटे घेणारी सधन कुटुंबे त्याच भागात राहतात. तो बेत फिसकटल्यावर ग्लेंडेलने १८ कोटी डॉलर घालून अरीना उभारण्याची तयारी दाखवली आणि २००३ च्या डिसेंबरात संघ शहराच्या पश्चिम कडेला, शेतजमिनींच्या शेजारी गेला.

जागेची ही निवड मला या साऱ्या गोष्टीचे मूळ वाटते. हॉकी पाहणारा प्रेक्षक कुठे राहतो हा प्रश्न त्या निवडीत दुय्यम होता. अरीनाभोवती दुकाने, उपाहारगृहे, कार्यालये आणि घरे उभी राहतील, जमिनीचे भाव चढतील आणि विक्रीकरातून नगरपालिकेचे कर्ज फिटेल, असा तो हिशेब होता. संघ हे त्या प्रकल्पाचे आकर्षण होते. भाव चढत होते तोवर तिकीटविक्रीतला तोटा कुणाला खुपत नव्हता. २००६ च्या उन्हाळ्यानंतर फिनिक्स परिसरातील घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, तेव्हा तोटा मात्र उघड्यावर पडला.

१६ ऑक्टोबर २००९

सवलत संपल्यावर घरचा दुसरा सामना काल झाला आणि सात हजार प्रेक्षकही आले नाहीत. सतरा हजारांच्या अरीनात हे फार केविलवाणे दिसते. ‘वाळवंटात हॉकी कोण पाहणार’ हा शेरा आज वर्तमानपत्रांत पुन्हा वाचला. हा शेरा मला आळशीपणाचा वाटतो. या खोऱ्यात मिशिगन, इलिनॉय आणि मिनेसोटा येथून आलेली माणसे आहेत. बर्फ त्यांना ठाऊक आहे. पण आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांवर बँकेच्या पाट्या लागल्या आहेत. त्या कुटुंबांनी मंगळवारी रात्री एवढे पेट्रोल जाळून हॉकीला जावे, आणि तेही पुढच्या वर्षी येथे असेल की नाही याची खात्री नसलेल्या संघासाठी, ही अपेक्षा कुणी कशाच्या बळावर करावी? उद्या लक्ष्मीपूजन आहे आणि घरी यंदा खरेदीची यादी आखडती ठेवायची असे ठरले आहे. त्या यादीत हॉकी नव्हतीच.

३ नोव्हेंबर २००९

लीगने अखेर १४ कोटी डॉलरना संघ विकत घेतला. न्यायालयाने काल मान्यता दिली. म्हणजे ज्या स्पर्धेत तीस संघ परस्परांशी लढतात, त्यातील एका संघाचे मालक उरलेले एकोणतीस झाले. टिपेट यांच्या खेळाडूंनी एखाद्या संध्याकाळी शिकागोला हरवले, तर शिकागोच्या मालकाने त्या विजयाचा खर्च अंशतः स्वतःच्या खिशातून दिलेला असेल. या विचित्र व्यवस्थेवर विनोद पुष्कळ झाले, पण तिची दुसरी बाजू अशी, की पगार वेळेवर होऊ लागले.

महाव्यवस्थापक डॉन मलोनी यांच्यापुढचे कोडे मला एखाद्या अभियंत्याच्या कोड्यासारखे वाटते. एका संघाने खेळाडूंच्या पगारावर यंदा जास्तीत जास्त ५ कोटी ६८ लाख आणि कमीत कमी ४ कोटी ८ लाख डॉलर खर्च करावेत असा नियम आहे. कायोटीजना खालच्या मर्यादेच्या आसपासच राहायचे आहे. अमेरिकी फुटबॉलला दूरचित्रवाणीचा पैसा पोसतो. हॉकीत मात्र अजून दारावरचे तिकीट हेच मुख्य उत्पन्न असते, त्यामुळे रिकाम्या खुर्चीचा फटका येथे थेट बसतो. तेव्हा इतरांनी ओवाळून टाकलेले, वय झालेले किंवा अजून कोवळे खेळाडू घ्यायचे आणि प्रत्येकाला एकच नेमके काम द्यायचे, हाच मार्ग उरतो.

३० मार्च २०१०

जवळजवळ पाच महिने या वहीत हॉकीविषयी काही लिहिले नाही आणि मधल्या काळात हा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, २००२ नंतर प्रथमच. आकडे पाहून मी चकित झालो आहे. टिपेट यांनी काही जादू केली असे मला वाटत नाही. त्यांचा संघ देखणा खेळत नाही. तो स्वतःच्या गोलासमोर गर्दी करतो, चकती मागे सोडत नाही आणि एका गोलाची आघाडी शेवटपर्यंत जपतो. गोलरक्षक इल्या ब्रिझगालोव्ह यांच्यावर सारी भिस्त आहे. त्यांना दोन-अडीच वर्षांपूर्वी अ‍ॅनाहाइमने सोडून दिले होते आणि कायोटीजनी तेव्हा त्यांना उचलले. मार्चच्या सुरुवातीला टोरांटोहून ली स्टेम्पनियाक यांना आणले, आणि येथे पाऊल ठेवल्यापासून ते गोलमागून गोल करत सुटले आहेत. कर्णधार शेन डोन हे १९९५ पासून, म्हणजे विनिपेगच्या शेवटच्या हंगामापासून संघात आहेत. मालक, प्रशिक्षक, अरीना आणि शहर, सगळे बदलताना त्यांनी पाहिले.

प्रेक्षक हळूहळू परतत आहेत, पण हंगामाची सरासरी बारा हजारांच्या आसपासच आहे आणि लीगमध्ये ती सर्वांत खाली आहे. जिंकले की माणसे येतात हे खरे. पण ती नोव्हेंबरात जिंकल्यावर मार्चमध्ये येतात, आणि देणी त्या आधीच द्यायची असतात.

२८ एप्रिल २०१०

हंगामात ५० विजय आणि १०७ गुण झाले; विनिपेगच्या काळापासून या संघाने इतके कधीच मिळवले नव्हते. पहिल्या फेरीत गाठ पडली डेट्रॉइटशी. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि काल रात्री ग्लेंडेलमध्ये डेट्रॉइटने ६-१ असा तिचा निकाल लावला. डोन तिसऱ्या सामन्यात खांद्याला मार लागून बाहेर पडले होते. ते असते तर निकाल फिरला असता असे मी म्हणणार नाही. निकलस लिडस्ट्रम आणि पावेल डॅट्सयुक यांच्या संघाशी सातव्या सामन्यात दोन हात करणे फार थोड्यांना जमले आहे.

अरीनात डेट्रॉइटच्या लाल जर्सी पुष्कळ होत्या. मिशिगनमधून येथे येऊन राहिलेली ही मंडळी. गेल्या वर्षी याच सुमारास क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या मोटार कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा डेट्रॉइटइतके कुणी होरपळले नसेल. तिथला हॉकी संघ मात्र डगमगला नाही. त्याचे मालक १९८२ पासून एकच कुटुंब आहे आणि गावातल्या दोन-तीन पिढ्या तो संघ पाहत वाढल्या आहेत. आमच्याकडे पैसा आणि गाव दोन्ही एकाच वेळी नवे होते.

१२ मे २०१०

संघाने पुढचा हंगाम येथेच खेळावा म्हणून तोट्याच्या भरपाईपोटी लीगला २ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत देण्यास ग्लेंडेलच्या नगरपरिषदेने काल मंजुरी दिली. कायमचा खरेदीदार अजून सापडलेला नाही. अरीनाचे कर्ज डोक्यावर असताना संघ गेला तर इमारत रिकामी राहील आणि कर्ज तसेच राहील, हा नगरपरिषदेचा युक्तिवाद मला समजतो, पण पटत नाही. प्रत्येक वर्षी हाच युक्तिवाद तितकाच बिनतोड ठरेल आणि प्रत्येक वर्षी रक्कम द्यावी लागेल. विनिपेगच्या सहकाऱ्याचे मत याच्या उलट आहे. आमच्या शहराने तेव्हा हात आखडता घेतला आणि अजून लोक त्याबद्दल हळहळतात, असे तो जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ सांगत होता. मी त्याला त्या २ कोटी ५० लाखांत किती शिक्षकांचे पगार होतील ते विचारले आणि वाद तेथेच अडला.

येत्या मंगळवारी ॲरिझोनात शाळांसाठी विक्रीकर एक टक्का वाढवावा की नाही यावर मतदान आहे. मला मताधिकार नाही, कर मात्र भरावा लागेल, आणि तो वाढावा असेच मला वाटते. मुलाला पुढच्या हंगामाची तिकिटे हवी आहेत. संपूर्ण हंगामाची घेणार नाही. शनिवारच्या काही सामन्यांची घेईन, आणि पैसे वेळापत्रक जाहीर झाल्यावरच भरीन.