आधी कळस, मग पाया

“आफ्रिकी कथा वाचायच्या आहेत, पण त्याआधी अचेबे वाचायलाच हवेत का?” (अचेबे म्हणजे नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे.) माझं पुस्तकांचं कपाट पाहिलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नकोत. मी उलटंच वाचलं, आणि बरं झालं.

माझ्या हाती आधी पडली नायजेरियाच्याच चिमामांडा न्गोझी अदिची यांची २००८ सालची कथा, ‘द हेडस्ट्राँग हिस्टोरियन’. न्वाम्ग्बा ही मडकी घडवणारी, नायजेरियातल्या इग्बो समाजातली बाई. नवरा ओबिएरिका जातो आणि त्याचे चुलतभाऊ जमिनीवर टपतात. (हे आपल्याकडे वेगळं समजावायला नको.) इंग्रजी येणाऱ्याला कोर्टात जमीन मिळते, हे ऐकून ती मुलाला मिशनच्या शाळेत घालते. मुलगा शिकतो, मायकल होतो, आणि आईच्या चालीरीतींची त्याला लाज वाटू लागते. पण नात ग्रेस? ती शाळेच्या पुस्तकात वाचते, साहेबाने दक्षिण नायजेरियातल्या ‘रानटी टोळ्यांना शांत’ कसं केलं ते. मोठेपणी ती त्याच इतिहासावर पुस्तक लिहिते, आणि ही शांतता बंदुकीच्या गोळ्यांनी आणली होती हे थेट शीर्षकातच सांगते. पुढे कोर्टात जाऊन आजीने ठेवलेलं नाव लावते: अफामेफुना, म्हणजे ‘माझं नाव बुडणार नाही’.

मग अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ उघडली. १९५८ची कादंबरी. शेवटच्या पानावर गोरा कमिशनर मनात म्हणतो, या ओकोंक्वोवर, म्हणजे कादंबरीच्या नायकावर, एक परिच्छेद लिहिता येईल. त्याने योजलेल्या पुस्तकाच्या नावात ग्रेसच्या शाळेच्या पुस्तकातले तेच ‘रानटी टोळ्यांना शांत’ करण्याचे शब्द! आणि ओकोंक्वोच्या मित्राचं नाव ओबिएरिका. म्हणजे अदिचींनी त्या नावाच्या माणसाला लवकरच मारलं आणि रंगमंच विधवेच्या हाती दिला. अचेबेंच्या कादंबरीत बायका बऱ्याचशा चुलीपाशीच राहिल्या होत्या. मला हा नमस्कारही वाटतो आणि कुरापतही. गंमत म्हणजे, नायजेरियातल्या न्सुक्काच्या विद्यापीठातल्या ज्या घरात अचेबे राहिले होते, त्याच घरात अदिचींचं बालपण गेलं.

पूर्वज काही एकटे अचेबे नव्हेत. घानाच्या आमा आटा आयडू यांचा ‘नो स्वीटनेस हिअर’ हा कथासंग्रह १९७०चा. दक्षिण आफ्रिका सोडून बोत्स्वानातल्या सेरोवे गावी राहिलेल्या बेसी हेड यांचा ‘द कलेक्टर ऑफ ट्रेझर्स’ हा संग्रह १९७७चा. दोघींच्या कथांत बाया चुलीपाशी गप्प बसत नाहीत.

कथेची प्रत आजच न्या. कादंबरी मात्र देत नाही; कथा वाचून झाली की या.