तुम्ही विचारलंत म्हणून: नवी जोडी मिळत असताना जुने शॉकअप कशाला?

बुलेट रंकाळ्यावर उभी असो नाहीतर पेट्रोल पंपावर, गाडीचं वय विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "नवी जोडी मिळते की बाजारात. मग कुणीतरी वापरून काढून टाकलेले शॉकअप दुरुस्त करून का बसवलेत?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. त्यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगावी लागते.

गाडी वडिलांची, १९७४ ची. मागचे मूळ शॉकअप त्यांनी कधीच बदलून टाकले होते आणि नंतर लावलेली जोडीही गळून गेली होती. मला भंगारात जुन्या घडणीची एक जोडी मिळाली, वर पत्र्याची टोपी असलेली. मी हरखून गेलो. गंज घासून काढला, रंग दिला, स्प्रिंगा चकाकवल्या आणि बसवून टाकले. आत काय आहे ते बघितलंच नाही. दुसऱ्या रविवारी आईला मागं बसवून जोतिबाला निघालो. शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा गेला आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता लागला. एक खड्डा गेला की गाडी मागून तीन-चार वेळा वरखाली होत राहायची. केर्लीला आई म्हणाली, "थांबव रे जरा." उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. परत एसटीनं आली. आठवडाभर गरम पाण्याची पिशवी चालू होती. मला एका शब्दानंही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला आणि नुसतं बघत राहिले. मागचा भाग वर आला, परत खाली गेला, परत वर आला. "स्प्रिंग हाय," ते म्हणाले, "शॉकअप न्हाई."

शॉकअप म्हणजे ती दिसणारी स्प्रिंग, असंच आपण धरून चालतो. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवून घेते, पण साठवलेलं ती परत देणारच. ते जिरवतं आतलं तेल. रॉडच्या टोकाला पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि झडपा. रॉड आत-बाहेर होताना तेलाला त्या वाटेनं जावं लागतं, त्याला वेळ लागतो, आणि धक्क्याचा जोर तेल तापण्यात संपतो. खाली दबताना अडवणूक कमी, वर उसळताना जास्त, अशी ती रचना असते. माझ्या जोडीत एकात तेल जवळजवळ नव्हतं आणि दुसऱ्याचं सील, म्हणजे रॉडभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी, गेलं होतं. आई दहा किलोमीटर निव्वळ स्प्रिंगवर बसून आली होती.

हे मनाला जास्त लागण्याचं अजून एक कारण आहे. मागं चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली हलणारा फ्रेमचा भाग, आणि तेलाचे दोन शॉकअप ही या गाडीची खरी ओळख. १९४८ साली इंग्लंडमध्ये बुलेटला ही घडण पहिल्यांदा मिळाली, तेव्हा कितीतरी मोटरसायकलींचं मागचं चाक थेट फ्रेमलाच बसवलेलं असायचं. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनायला लागली ती हीच घडण घेऊन. म्हणजे वडिलांच्या गाडीचा जीव मी रंगाखाली झाकून ठेवला होता.

मिस्त्रींनी जोडी टाकून द्यायला सांगितलं नाही. पण आधी परीक्षा करायला शिकवलं. स्प्रिंग काढताना एकट्यानं हात घालायचा नाही, हे पहिलं. दोघांनी दाबून धरायची, तिसऱ्यानं वरच्या वाटीतून लॉकचे दोन अर्धे तुकडे काढायचे, आणि तिघांपैकी कुणाचंही तोंड स्प्रिंगच्या रेषेत येऊ द्यायचं नाही. ती सुटली तर दात घेऊन जाते. स्प्रिंगा बाजूला झाल्यावर मी शॉकअप आडवा धरूनच दाबून बघितला. निम्म्यापर्यंत रॉड मोकळाच गेला. "मेलाय," मी म्हटलं.

"आडव्या शॉकअपचा निकाल देऊ नगंस. उभा कर. धा येळा सावकाश वर-खाली कर."

या एका वाक्यासाठी मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे. जुन्या शॉकअपला नळीत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्याच्यावर थोडी हवा. आडवा पडून राहिला की हवा आतल्या नळीत शिरते आणि चांगला शॉकअपही पोकळ लागतो. भंगाराच्या ढिगात तर सगळेच आडवे पडलेले! म्हणून आता मी कुठलाही जुना शॉकअप आधी उभा करतो, दहा वेळा पूर्ण चालवतो, मगच मत देतो. रॉड ज्या त्या दिशेला जाताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड लागला तर तो जिवंत आहे. मध्येच सैल पडला तर आत काम आहे.

मग रॉड. पुसून स्वच्छ करायचा आणि नख वरून खाली ओढत न्यायचं. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या रॉडवर माझं नख तीन ठिकाणी अडलं. गंजाचे खड्डे, मोहरीच्या दाण्याएवढेही नसतील. पण रॉड हजारो वेळा सीलमधून जातो आणि प्रत्येक वेळी त्या खड्ड्याची कड सीलचं ओठ थोडं खरवडते. नवं सील घालून महिन्यात परत गळती लागते ती यामुळं, आणि लोक सीलला दोष देतात.

इथं कोल्हापूरला असण्याचा फायदा होतो. उद्यमनगर ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथवर जगतंय. रॉड ग्राइंडिंगला गेला, खड्डे जाईपर्यंत घासला, मग हार्ड क्रोम चढवून परत मूळ मापाला ग्राइंड केला. शंभर ठिकाणी चौकशी करावी लागली नाही, सगळं पायी फिरता येईल एवढ्या अंतरात झालं. सील व्हर्निअरनं माप घेऊन आणलं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. गाडीचं नाव सांगून सील मागू नये, माप सांगून मागावं.

माझ्या जोडीला नळीच्या तोंडावर उघडणारा नट होता म्हणून हे शक्य झालं. काहींची तोंडं दाबून कायमची बंद केलेली असतात, त्यांच्या नादी लागू नये. आणि गॅस भरलेला शॉकअप घरी उघडायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आतला दाब खेळ नव्हे.

तेल फोर्क ऑइल घातलं, इंजिनचं नाही. दोन्हीकडं सिरिंजनं मोजून, थेंबाचाही फरक न ठेवता. जास्त भरलं तर आणखी चांगलं, असं वाटतं, तसं नसतं. रॉड आत शिरला की त्याला जागा लागते, ती त्या वरच्या हवेतून मिळते. नळी काठोकाठ भरली तर रॉड मध्येच दगडासारखा अडतो. दोन्ही स्प्रिंगा टेबलावर शेजारी उभ्या करून उंची बघितली, सारखी निघाली. बोल्टच्या भोकांतले रबरी बुश वाईसमध्ये दाबून काढले आणि नवे साबणाच्या पाण्यानं बसवले.

बसवायच्या आधी डबल स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवून बघा. खडखड लागली तर चिमट्याचे बुश गेलेत आणि शॉकअप कितीही चांगले घातलेत तरी गाडी डोलणारच. चाकाखाली फळी सरकवा म्हणजे चिमटा खाली पडत नाही आणि बोल्टची भोकं जुळतात. बोल्ट आधी नुसते लावून घ्या, शेवटचा पिळा गाडी स्टँडवरून उतरवून तिच्या वजनावर उभी असताना. लोंबकळत्या चाकावर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं. नंतर चेनचा ताण परत बघा.

आता नव्या जोडीचं. चांगली नवी जोडी वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. रोज ऑफिसला जायची गाडी असेल तर सरळ नवी घ्या. मला मात्र स्वस्तातल्या एका नव्या जोडीतले दोन्ही शॉकअप हातानं दाबून बघताना जोर वेगवेगळा लागला आणि तिथंच मन उडालं. शिवाय जुन्याची ती पत्र्याची टोपी शोभेची नसते. चिखल आणि पाचटाची धूळ ती रॉडवर बसू देत नाही, आणि आमच्या रस्त्यांवर हंगामात हे दोन्ही भरपूर असतं. हे सगळं चांगल्या नव्या जोडीपेक्षा फार स्वस्त पडलं, असं काही नाही. पण आता त्या नळीत काय आहे, किती आहे आणि कुणाच्या हातचं आहे हे मला माहीत आहे. आईला मागं बसवायचं तर मला तेवढं माहीत असायलाच हवं.

पुढच्या रविवारी मी विचारलं नव्हतं, तिनंच विचारलं, "आज जायचं का?" त्याच रस्त्यानं गेलो. खड्ड्यात गाडी खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. केर्ली आलं तेव्हा मी वेग कमी केला. मागून तिनं खांद्यावर थाप मारली, "चल की पुढं."

वर डोंगरावर गाडी लावल्यावर ती गुलालाच्या दुकानाकडं वळली आणि मी खाली बसून टोपीखाली बोट घालून दोन्ही रॉड तपासले. बोटाला तेलाचा पुसट ओलावा लागला, सीलला तेवढा लागतोच. थेंब कुठंच नव्हता.