खोबरेल तेलाशी आमचं भांडण: दुकानाची वाटचाल

बाबांनी पुण्यात बॅगा, पट्टे आणि पाकिटं दुरुस्त करायचं दुकान काढलं तेव्हा लेदर जॅकेट घालून मोटरसायकल चालवणारा माणूस आमच्या भागात क्वचितच दिसे. चामडं, बक्कलं आणि धागा धारावीतून यायचा. आरी आणि रापी या चामडं टोचायच्या-कापायच्या हत्यारांवर बाबांचा हात बसलेला. जॅकेट आलंच तर चेन बदलायला किंवा उसवलेली शिवण घालायला. धुवायला कुणी आणत नसे.

लडाखच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि चित्र पालटलं. लोक गटागटाने जाऊ लागले, सव्वा मिलिमीटर जाडीच्या चामड्याची महागडी जॅकेटं घेऊ लागले. परत येताना बाह्यांवर चिकटलेले किडे, डिझेलचा काजळीसारखा थर आणि कॉलरला घामाचा पांढरा क्षार. मी दुकानात बसू लागलो तेव्हा ‘हे साफ करून मिळेल का?’ हा प्रश्न रोजचा झाला होता.

बाबांचं उत्तर ठरलेलं: ओल्या फडक्याने पुसा, तेल लावा. त्यांचं चुकत नव्हतं, पण त्यांचं चामडं वेगळं होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते तेल आनंदाने पितं. बहुतेक रायडिंग जॅकेटं मात्र क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेल्या चामड्याची असतात. त्याला लागणारं तेल कारखान्यातच तंतूंमध्ये मुरवलेलं असतं. वर खोबरेल चोपडलं की चामडं काळपट आणि ढिलं पडतं, अस्तरावर डाग येतात, काही महिन्यांनी खवट वास सुटतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात कपाटातून काढलेल्या जॅकेटवर पांढुरकी साय दिसते आणि गिऱ्हाईक बुरशी समजून घाबरतं.

यात शास्त्र आणलं ते ताईने. ती रसायनशास्त्र शिकलेली. तिने पहिल्यांदा दुकानातला कपड्यांचा साबण बाद केला. क्रोम चामडं आम्लधर्मी असतं, पीएच ४ च्या आसपास (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली); साबणाचं पाणी ९-१० पर्यंत जातं. जॅकेटचा रंग चामड्याला धरून राहतो तो याच आम्लतेच्या जोरावर. अल्कली लागली की पकड सुटते आणि तुमचं मरून जॅकेट फडक्यावर उतरू लागतं. म्हणून आमच्याकडे फक्त चामड्यासाठीचं सौम्य, किंचित आम्लधर्मी क्लीनर वापरतात. सॅडल सोप चांगला असतो, पण घोड्याच्या खोगिराला.

जॅकेट आलं की आधी कोपर-खांद्याचे पॅड काढतो. मग आतल्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवतो. लगेच मुरून डाग गडद झाला तर रंग आरपार मुरलेला आणि वर संरक्षक थर नाही. अशा जॅकेटला हात जपून लावायचा. थेंब तसाच टिकला तर वर रंगाचा थर आहे आणि काम सोपं आहे. त्यानंतर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का ते पाहतो. सुटलाच तर गिऱ्हाइकाला फोन. काही जण म्हणतात, ‘होऊ द्या.’ काही जण जॅकेट परत नेतात, आणि मला वाटतं तेच शहाणे.

शिवणीतली धूळ कोरड्या ब्रशने निघते. ओलं काम फेसाने, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. मधे थांबलं की पाण्याची रेघ उमटते. वाळवणं सावलीत, रुंद हँगरवर, पंख्याखाली. उन्हात घातलं की चामडं आकसतं. चामडं मऊ ठेवणारं कंडिशनर सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं, हाताला चिकट लागता कामा नये. बारीक भोकांचं जॅकेट असेल तर कंडिशनर फडक्यावर घ्यायचं, नाहीतर भोकं बुजतात.

लडाखला जाणाऱ्यांची गर्दी मे-जूनमध्ये, पण खरा धंदा पावसाळ्यानंतर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली जॅकेटं हिरवी-पांढरी होऊन येतात. बुरशी आम्ही मास्क लावून, दुकानाबाहेर झटकतो. आत झटकली तर शेजारच्या जॅकेटवर बीजाणू बसणार. लोकांना सांगतो की सुती कापडाच्या खोळीत, हवा खेळेल असं ठेवा. तरी पुढच्या वर्षी तीच पिशवी घेऊन येतात.

पडून घासलेलं जॅकेट नुसतं चकाचक करून आम्ही देत नाही. आधी प्रत्येक शिवण तपासतो. धागा झिजला असेल तर ते जॅकेट मोटरसायकलवर घालू नका असं तोंडावर सांगतो. यात गिऱ्हाइकं गेली आहेत. रंग हुबेहूब जुळवून देऊ असंही कबूल करत नाही, कारण उन्हाने विटलेल्या लाल रंगाला नव्या लालची जोड कधीच बसत नाही.

बाबा अजून दुपारी दुकानात येतात आणि चेनचं काम त्यांच्याचकडे असतं. खोबरेलाबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही.

कुरिअरने जॅकेट पाठवणार असाल तर पॅड घरीच काढून ठेवा, खिसे नीट बघा, आणि पुढच्या शनिवारी निघायचंय म्हणून मंगळवारी पाठवू नका. वाळायला त्याचा वेळ लागतोच.