धाकटीच्या कार्डावरचा कोरा चौकोन

धाकटीच्या लसीकरण कार्डावर एक चौकोन सात महिने कोरा होता. एमएमआरचा, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा. बाकी सगळीकडे तारखा आणि सह्या. हा एकच मी अडवून धरला होता.

कारण थोरला. त्याला ऑटिझम आहे. दीड वर्षाचा असताना त्याला चार शब्द येत होते, ते हळूहळू गेले. त्याच्या थोडंच आधी ही लस झाली होती. इतर आयांशी बोलायला लागले तर बऱ्याचजणींकडे हीच कहाणी: लस, ताप, आणि मग लेकरू हाकेला ओ देईना. डॉक्टरांना विचारलं, तर मान वरही न करता म्हणाले, "तसं काही नसतं." त्या आयांनी मात्र माझं तासभर ऐकून घेतलं होतं. विश्वास कुणावर बसणार?

म्हणून मीच वाचायला बसले. 1998 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवरचा. लसीच्या कंपन्यांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते, हे त्यात कुठेच नव्हतं. पत्रकार ब्रायन डीअर यांनी ते उजेडात आणलं. मुलांच्या नोंदी आणि निबंधातली माहिती जुळत नव्हती, हेही दाखवलं. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि वेकफिल्डची डॉक्टरकी गेली. पण मी अडकले ती एका वेगळ्याच गोष्टीपाशी. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांचं त्याने रक्त काढून घेतलं होतं, प्रत्येकाच्या हातावर पाच पौंड ठेवून. थोरल्याचं रक्त काढायचं तर आम्ही तिघं त्याला धरतो. त्याचा तो आवाज मला ठाऊक आहे. हा माणूस आमच्या मुलांची बाजू घेऊन लढतोय, असं मी समजत होते.

तरी चौकोन कोराच राहिला. एक माणूस खोटा निघाला म्हणून लस निर्दोष ठरत नाही, असं मी नवऱ्याशी भांडले. शिवाय धाकटी त्याच्याच पाठची बहीण. तिला धोका जास्त असला तर?

नेमका हाच प्रश्न अमेरिकेत तपासलेला सापडला. 2015 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास, पाठीवर जन्मलेल्या सुमारे 95 हजार मुलांचा. थोरल्या भावंडाला ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही एमएमआरमुळे धोका वाढला नव्हता. त्यातला एक आकडा वाचून मला रडू आलं. दोन वर्षांपर्यंत इतर मुलांपैकी 84 टक्क्यांना लस मिळाली होती, अशा घरांत मात्र 73 टक्क्यांना. म्हणजे माझ्यासारख्या आया तिथेही होत्या, कार्ड हातात धरून बसलेल्या.

ऑटिझमची लक्षणं डोळ्यांत भरायला लागतात ते वय आणि या लसीचं वय जवळपास एकच. मग आईचं मन दोन्हींची गाठ मारतं. त्यात आईचा दोष नाही, आणि डॉक्टरांनी मला एवढं बसून सांगितलं असतं तर सात महिने गेले नसते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं एके काळी मानसतज्ज्ञच सांगत. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये ते खोडून काढलं. पुढे मात्र तेही ऑटिझमचा दोष लसींना देऊ लागले, याचं मला फार वाईट वाटतं. अ‍ॅलिसन सिंगर याही अशाच मुलीची आई. लसीच्या, उत्तर मिळालेल्या प्रश्नावर पुन्हा पुन्हा पैसा घालू नका, म्हणत त्यांनी 2009 मध्ये 'ऑटिझम स्पीक्स' ही अमेरिकेतली संस्था सोडली. तो पैसा कुठे हवा ते मला विचारा. स्पीच थेरपीसाठी आम्ही पाच महिने नंबर लावून होतो. शाळेत सावलीसारखं सोबत राहणारं माणूस अजून मिळालेलं नाही. आणि मी म्हातारी झाल्यावर त्याचं कोण करणार?

लसीच्या दिवशी थोरला बरोबर होता, कानांवर हेडफोन लावून. सुई टोचली तशी धाकटीने टाहो फोडला. तो दाराकडे पळाला, उंबऱ्याशी थांबला. मग भिंत धरून परत आला, कानांवरचे हेडफोन काढले आणि तिच्या डोक्यावर ठेवले. तिला ते मोठे होत होते, घसरून गळ्यात आले. दोन्ही हात कानांवर दाबून तो तिथेच उभा राहिला, सिस्टरनी चौकोनात तारीख लिहीपर्यंत.