भाकरी, भरीत आणि मे महिना: घरासाठी शेगडी निवडताना

धाकट्या भावाच्या धुळ्यातील नव्या घराचे काम आता ओट्यापर्यंत आले आहे, आणि भावजयीने परवा विचारले, "ताई, ओट्यात बसवायचा काचेचा हॉब घेऊ, इंडक्शन घेऊ, की आपली साधी शेगडीच बरी?" प्रश्न दोन वाक्यांत सुटणारा नाही आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकासमोर तो येतोच, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते आहे. दुकानात बर्नर किती, काच कशी, रंग कोणता यावरच बोलणे होते. माझ्या मते निवड तीन गोष्टींवर ठरावी: घरात रोज काय शिजते, ते कोणत्या भांड्यांत शिजते, आणि ते शिजवणारे माणूस एप्रिल-मे महिन्यांत किती उष्णतेत उभे राहते. खानदेशात ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींइतकीच वजनदार आहे, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो.

आधी जेवणाचे पाहू. आपल्याकडचे निम्मे पदार्थ ज्योत मागतात. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी तव्यावर एका बाजूने भाजून झाली की दुसरी बाजू विस्तवावर धरल्याशिवाय ती हवी तशी फुगत नाही. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यासाठी सुके खोबरे आणि अख्खा कांदा थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजावा लागतो, आणि रश्श्याचा रंग व वास दोन्ही त्या भाजण्यातून येतात. भरताचे वांगे तर ज्योतीशिवाय होतच नाही. शेतात ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, आणि त्या धुराची चव गॅसवर येत नाही हे खरेच. पण शहरातल्या घरात गॅसची ज्योत हाच त्यातल्या त्यात जवळचा पर्याय आहे. इंडक्शनला ज्योत नसते, त्यामुळे ही तिन्ही कामे त्यावर होत नाहीत. फुलके तव्यावरच कापडाने दाबून फुगवता येतात, पण जाडसर भाकरीला ती युक्ती तितकीशी लागू पडत नाही. म्हणून खानदेशी घरातून गॅस पूर्णपणे काढून टाकावा असे मी कोणालाही सुचवणार नाही.

आता भांडी. इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच प्रवाह तयार होऊन बूड स्वतः तापते. म्हणजे काच भांडे तापवत नाही, उलट तापलेल्या भांड्यामुळे काच तापते. यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. आपल्या मांडणीवरची जर्मलची पातेली, पितळेच्या कढया, तांब्याची भांडी आणि ॲल्युमिनियमचा जुना कुकर ही सारी तेथे निरुपयोगी ठरतात. बिडाचा आणि लोखंडाचा तवा मात्र उत्तम चालतो. फक्त बूड सपाट हवे. शेगडी घेण्यापूर्वी फ्रिजवरचा लोहचुंबक काढून घरातल्या एकेका भांड्याला लावून पाहावा. किती भांडी बदलावी लागतील ते लगेच कळते, आणि तो खर्च शेगडीच्या किमतीत धरूनच तुलना करावी. आणखी एक अडचण तव्याची आहे. स्वस्त इंडक्शनमधले वेटोळे बहुधा तव्यापेक्षा बरेच लहान असते, त्यामुळे मोठ्या तव्याचा मध्य तापतो आणि कडा थंड राहते. भाकरीचा काठ कच्चा राहतो तो यामुळेच.

विजेवरच चालणाऱ्या, पण काचेखालची तार लाल तापवून उष्णता देणाऱ्या इन्फ्रारेड शेगडीचे थोडक्यात सांगते. तिच्यावर सपाट बुडाचे कोणत्याही धातूचे भांडे चालते, पण ती सावकाश तापते, बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देण्याइतकी गरम राहते, आणि वीज इंडक्शनपेक्षा जास्त लागते. लहान मुले असलेल्या घरात मी ती घेणार नाही.

उष्णतेविषयी मात्र मला सविस्तर बोलायचे आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि त्याच दिवसांत दोन्ही वेळचा स्वयंपाक कोणीतरी करतच असते. चांगल्या गॅस शेगडीवरही इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण दोनतृतीयांशच भांड्यात जाते. उरलेली भांड्याच्या कडेने वर येऊन खोलीत पसरते. शिवाय एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे तापलेल्या खोलीत दमटपणाची भर पडते. त्यातच ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते, ज्वलन नसल्याने धूर वा नायट्रोजन डायऑक्साइड होत नाही, आणि डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवता येतो. वरण शिजवणे, दूध तापवणे, चहा, भात, आंघोळीचे पाणी ही कामे दिवसातला बराच वेळ शेगडी अडवून ठेवतात आणि त्यांना ज्योतीची काहीच गरज नसते. ती सारी इंडक्शनवर नेली, तर गॅसपुढे उभे राहायचे ते फक्त भाकऱ्या आणि फोडणीपुरते. ज्या घरात सासूबाई किंवा आई उतारवयातही ओट्यापाशी उभ्या राहतात, तेथे एवढ्या एकाच कारणासाठी इंडक्शन घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पुरणाचा प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच स्वस्त इंडक्शन शेगड्या मंद आच खऱ्या अर्थाने देत नाहीत. काही सेकंद पूर्ण जोराने चालतात, मग थांबतात, मग पुन्हा चालतात. पातळ पदार्थाला याने फरक पडत नाही, पण पुरण घट्ट होत आले की ते तळाला धरते. त्यासाठी गॅसचा सर्वांत लहान बर्नर आणि जाड बुडाचे पातेलेच हवे. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीच्या खापरावरच्या पोळ्या करायच्या असतील, तर कोणताही घरगुती हॉब त्या कामाचा नाही. पालथे खापर रुंद असते, त्याला सगळीकडून सारखी आच लागते आणि शेगडीच्या जाळीवर ते नीट टेकत नाही. काचेच्या हॉबवर तर ते ठेवूच नये. ज्यांच्याकडे ही परंपरा चालू आहे, त्यांनी मागच्या अंगणात किंवा गच्चीवर चुलीची जागा राखून ठेवावी आणि ओट्यावरच्या शेगडीकडून ती अपेक्षा करू नये.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाला घरीच करता येतो. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅसमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. त्यातील सुमारे १२० युनिटांइतकी भांड्यात पोहोचते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १४० युनिट वीज लागेल. म्हणून सिलिंडरच्या आजच्या किमतीला १४० ने भागावे. जो आकडा येईल त्यापेक्षा वीज स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडते. मात्र विजेचा दर बिलाच्या पहिल्या ओळीतला धरू नये. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा आणि ३०१ ते ५०० ला त्याहून चढा दर लागतो, आणि स्वयंपाकाची वीज दिवे, पंखे, फ्रिज यांच्या वर चढत असल्याने ती वरच्या टप्प्यात मोजली जाते. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि विद्युत शुल्कही मिळवावे. उन्हाळ्यात कूलर चालू असताना हा दर आणखी वर जातो, म्हणजे ज्या महिन्यांत इंडक्शनची सोय सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत ते सर्वांत महाग पडते. तरीही मी त्या महिन्यांत ते वापरीन, कारण त्या पैशांत उन्हाळ्याचा त्रास कमी होतो. छतावर सौरपॅनेल असतील तर हिशेब पूर्णपणे इंडक्शनच्या बाजूने झुकतो.

विजेची तयारी ओटा बांधतानाच करावी. २००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढते, तेव्हा ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावू नये. १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला वेगळी वायर, जास्त भार आल्यास वीज तोडणारा वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. चार खणांचा इंडक्शन हॉब घ्यायचा झाला तर तो ७ किलोवॅटपर्यंत जातो, आणि तेवढा भार घरच्या जोडणीला मंजूर आहे का हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे वळवाच्या वादळात वीज जाते आणि गावाकडे दाबही कमी होतो. घरचा नेहमीचा इन्व्हर्टर इंडक्शनचा भार उचलत नाही. म्हणून केवळ विजेवर अवलंबून असलेले स्वयंपाकघर मला खानदेशात अजून सुरक्षित वाटत नाही. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर इंडक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

राहिला प्रश्न ओट्यात बसवायच्या हॉबचा. तो दिसायला सुंदर असतो आणि वरून सांडलेले खाली जात नसल्याने पुसायलाही सोपा असतो. भरताच्या वांग्याचे पाणी गळते तेव्हा हा फायदा चांगलाच जाणवतो. पण ग्रॅनाइटला पाडायच्या चौकोनाचे माप प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते. आधी हॉब घरात आणावा आणि मगच मिस्त्रीला दगड कापायला सांगावा. पुढे हॉब बदलताना त्याच मापाचा मिळेलच याची खात्री नसते. दुसरे म्हणजे गॅसची गळती. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, आणि हॉबखालचे बंद कपाट ही त्याला साचायला नेमकी जागा असते. त्या कपाटाला जमिनीलगत हवेसाठी झरोके ठेवलेच पाहिजेत. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावा, आणि नळी मानकाप्रमाणे असून दर पाच वर्षांनी बदलावी.

कडक केलेली काच मजबूत असते, पण अभेद्य नसते. पंधरा माणसांच्या रश्श्याचे पातेले बर्नरच्या बाहेर पसरले की त्याच्या बुडाखाली उष्णता कोंडते, आणि अशा वेळी किंवा जड भांडे आपटल्यावर काच फुटू शकते. ज्या घरात सणावाराला माणसांचा राबता आहे, तेथे मी स्टीलचीच शेगडी सुचवीन. बर्नर पितळेचे, जाड घडणीचे असावेत. शेगडीवर आयएस ४२४६ या मानकाची आयएसआय खूण पाहावी. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी झडप ज्या शेगडीत असते, तिला थोडे जास्त पैसे लागले तरी द्यावेत. वरण उतू जाऊन ज्योत विझली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर ही झडप काही क्षणांत गॅस तोडते. वयस्कर माणसे एकटी स्वयंपाक करत असतील तर मी ती अट सोडणार नाही.

म्हणून भावजयीला माझे सांगणे असे: ओट्यावर ठेवायची तीन बर्नरची स्टीलची गॅस शेगडी, तिच्या शेजारी एक सुटी इंडक्शन शेगडी, आणि दोघींच्या मध्ये एक हात मोकळी जागा. चार बर्नर रोज लागत नाहीत. ते दाटीने बसवलेले असले की दोन मोठी पातेली शेजारी मावत नाहीत आणि मागच्या बर्नरवर हात नेताना पुढच्या ज्योतीवरून न्यावा लागतो. भिंत अजून उघडी आहे तोवर वायरमनला सांगून १६ अँपिअरची जोडणी ओढून घ्यावी. आणि दुकानात जाताना घरातला भाकरीचा तवा व सर्वांत मोठे पातेले पिशवीत घालून न्यावे, दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, आणि ती मावत असतील तीच शेगडी घ्यावी.